नाशिकजवळच्या गिरणारे साईडचं तळंवालं फार्म : जेवण भारी, बांधाचं बघा जरा

पिठलं-भाकरी, ठेचा एक नंबर, बोटिंगला पोरं खूश, त्यात वादच नाही. पण तळं म्हणजे ओढ्यावर मातीचा बांध घालून अडवलेलं पाणी, आणि सांडव्याच्या (जादा पाणी बाहेर जायची वाट) तोंडाला मासे जाऊ नयेत म्हणून जाळी ठोकलीये, तिच्यात पालापाचोळा नि चिप्सची पाकिटं गच्च, म्हणजे जोराचा पाऊस आला की पाणी सांडवा सोडून बांधावरून जाणार आणि मातीचा बांध वरून वाहिला की कापतच जातो. बांधावर सुबाभूळ माजलीये (फोटोला छान दिसते म्हणे!), मुळं कुजली की पाण्याला आतून वाट. पायथ्याशी ओल होती, पाणी नितळ होतं हे नशीब, गढूळ आलं की माती वाहतीये समजायचं.

मालकांना बोललो तर, "अहो काका, गंगापूर धरण पण मातीचंच ना!" आहे की, पण तिथं देखरेखीला सरकारी खातं आहे. २०२१ चा धरण सुरक्षा कायदा १० मीटरच्या आतल्या बांधाला लागूच नाही, म्हणजे इथं सगळा मालकाचाच भरवसा. रत्नागिरीतलं तिवरे धरण फुटलं तेही २०१९ च्या जुलैत, भर पावसात.

जेवणाला ५ स्टार, तळ्याला २. टेंट नेमके बांधाच्या खालच्या अंगाला आहेत, पावसाळ्यात गेलात तर वरच्या खोल्याच मागा.