शहरातलं शिबिर की तालुक्याचा वर्ग? एअर रायफल शिकणाऱ्यांसाठी

परीक्षा संपत आल्या की ही विचारणा सुरू होते. पोराला किंवा पोरीला नेमबाजी शिकायची आहे. पुण्या-नागपूरचं पंधरा दिवसांचं निवासी शिबिर करावं, की तालुक्याच्या गावी आठवड्यातून तीन दिवस भरतो तो वर्ग लावावा? २०२४ मध्ये पॅरिसहून कांस्यपदक आणणारा स्वप्नील कुसाळे राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा. तेव्हापासून खेड्यातल्या घरांनाही हा खेळ आपला वाटू लागला, हे फार चांगलं झालं. दोन्हीकडचं शिक्षण मी घेतलं आहे आणि टिकलो तो तालुक्याच्या वर्गात. त्यामुळे माझा कल कुठे आहे ते लपवत नाही. ज्याने त्याने आपल्या घरचं गणित पाहून ठरवावं.

इथलं बोलणं दहा मीटर एअर रायफलपुरतं. पिस्तूलवाल्यांना यातलं निम्मंच लागू पडेल.

शहराकडे जे आहे ते खरोखर चांगलं आहे. इलेक्ट्रॉनिक टार्गेटवर प्रत्येक छर्रा कुठे लागला ते दशांशात लगेच दिसतं. रायफलच्या टार्गेटवर दहाचा ठिपका जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा असतो आणि एका रिंगेपासून दुसरी अडीच मिलिमीटरवर. ९.८ आणि १०.३ यांतला फरक कागदावर नवशिक्याला दिसतच नाही, पडद्यावर दिसतो. पंच्याहत्तर मिनिटांत साठ शॉट मारायचे म्हणजे काय, याची सवय तिथेच होते. शेजारच्या लेनमध्ये राज्य पातळीवर खेळलेलं पोर उभं असतं, त्याचं बघूनही खूप कळतं. मे महिन्यात एसी हॉलमध्ये जाकीट घालून उभं राहणं आणि टिनाच्या शेडखाली उभं राहणं यांची तुलनाच नको.

मग अडतं कुठे? रायफल रोज बदलते, तिथे.

शिबिरात पोरं वीस-पंचवीस आणि रायफली सहा-सात. बॅचप्रमाणे हाती येईल ती घ्यायची. ऐकायला किरकोळ वाटतं, पण माझ्यापुरता निकाल याच एका गोष्टीने लागला, म्हणून ती नीट समजून घ्या.

काल तुमची बट प्लेट (खांद्याला टेकणारी मागची पट्टी) तुमच्या हाताच्या लांबीला लावलेली होती, चीक पीस (गाल टेकवायचा भाग) तुमच्या गालाला. आज हाती आलेली रायफल तुमच्यापेक्षा वीतभर उंच पोराने वापरून ठेवली आहे. गाल टेकवून पीप साइटमधून, म्हणजे नेम धरायच्या मागच्या बारीक छिद्रातून, पाहा. मागच्या छिद्राचं वर्तुळ, त्यात पुढच्या साइटची रिंग आणि तिच्यात काळा गोल, अशी तीन वर्तुळं एकात एक बसायला हवीत आणि सभोवती पांढरी फट सगळीकडे सारखी हवी. चीक पीस दोन मिलिमीटर जरी वरखाली असला तरी पुढची रिंग मधोमध न राहता एका कडेला जाते. नवशिका अशा वेळी चीक पीस हलवत नाही, मान हलवतो. सुरुवातीचे दहा-पंधरा शॉट मान ते सांभाळते. मग मानेचे स्नायू थकतात, डोकं नकळत आपल्या मूळ जागी येतं आणि ग्रुप (कागदावरच्या छिद्रांचा पुंजका) उभा लांबतो. पोराला वाटतं हात हलला. घाईत असलेला प्रशिक्षक साइटचा स्क्रू चार क्लिक (खटके) फिरवून देतो. म्हणजे चूक उभं राहण्यात होती आणि दुरुस्ती साइटमध्ये झाली. दुसऱ्या दिवशी रायफल वेगळी, क्लिक वेगळे, आणि कालची चूक अंगात तशीच.

ट्रिगरचंही तेच. एअर पिस्तुलाला ट्रिगरच्या वजनाची किमान ५०० ग्रॅमची अट आहे. एअर रायफलला तशी अट नाही. जो तो आपल्या बोटाला जमेल तितका हलका करून ठेवतो. काल ट्रिगरची पहिली, सैल ओढ संपल्यावर किंचित दाब लागत होता. आज तेवढ्या दाबाला शॉट निघूनही गेला. मग बोट घाबरतं आणि ट्रिगर हळू दाबायच्या ऐवजी झटका देऊ लागतं. ही सवय लागायला आठवडा पुरतो, सुटायला महिने जातात.

दोन तासांच्या सत्रात पहिला अर्धा तास सेटिंग आणि झिरो करण्यात (साइट नेमावर जुळवण्यात) जातो, असा माझा अनुभव. मोजून ठेवलेलं नाही, पण पंधरा दिवस हाच क्रम असला की शिकलो किती आणि जुळवलं किती, हा प्रश्न पडतोच.

तालुक्याच्या वर्गात पोरं आठ, रायफली दोन-तीन. साधनं कमी, पण तुमच्या हातात तीच रायफल येते. तुमची खूण कुठली ते बट प्लेटच्या दांडीवर रंगीत टेप लावून किंवा नेलपॉलिशचा ठिपका देऊन ठेवता येतं. तुमच्यानंतर दुसऱ्याने वापरली तरी अ‍ॅलन की घेऊन दोन मिनिटांत आपली सेटिंग परत. वहीत तीन आकडे लिहून ठेवा: बट प्लेटची लांबी मिलिमीटरमध्ये, चीक पीसची उंची, आणि साइट पूर्ण एका बाजूला नेल्यापासूनचे क्लिक. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यानंतर पहिल्याच पाच शॉटचा ग्रुप जागेवर येऊ लागतो आणि मग चूक झाली तर ती आपलीच, हे मान्य करावं लागतं. खरं शिकणं तिथून सुरू होतं.

अडचणी इथेही आहेत, आणि त्या आधी माहीत असलेल्या बऱ्या.

पहिली हवा. रायफलचं हवेचं सिलिंडर २०० बार दाबापर्यंत भरलेलं असतं. दाब ठरावीक पातळीखाली गेला की छर्‍याचा वेग पडतो आणि शॉट खाली लागू लागतात. पोर बिचारं आपला श्वास तपासत बसतं. दर दहा शॉटनंतर गेजकडे नजर टाकायची सवय लावा. हातपंपाने भरत असतील तर पावसाळ्यात ओलावा आत जातो; ओलावा धरणारा फिल्टर आहे का ते पाहा, आणि पंप गरम झाला की थांबून निवू द्यावा. सिलिंडरवरची तारीखही वाचा. स्पर्धेत दहा वर्षांपेक्षा जुनं सिलिंडर चालत नाही.

दुसरी अडचण विजेची. मोटारीवर चालणारा टार्गेटचा दोर लोडशेडिंगमध्ये अर्ध्यावर अडकतो. हाताने फिरवायची चरखी असेल तो वर्ग आपल्याकडे जास्त कामाचा. कूलर किंवा पंखा टार्गेटच्या बाजूला तोंड करून ठेवलेला असेल तर कागद फडफडतो. तो मागे, नेमबाजाच्या पाठीशी घ्यायला सांगा. एप्रिलपासून सत्र सकाळी सहा ते आठ असावं. त्यानंतर गालाला घाम येतो, गाल चीक पीसवरून घसरतो, आणि वरची सगळी मेहनत पाण्यात.

तिसरी शिकवणाऱ्याची. काही ठिकाणी एनसीसीत ०.२२ रायफल शिकवलेले गृहस्थ असतात. त्यांची शिस्त पक्की असते, पण सवय झोपून मारण्याची. उभ्याने मारताना डावं कोपर कमरेच्या हाडावर टेकतं आणि रायफलचं वजन हाडं पेलतात, दंड पेलत नाहीत, हे ते सांगतात का ते पाहा. आणखी एक खूण: रोख धरून डोळे मिटायला लावतात का? डोळे मिटा, दोन श्वास घ्या, उघडा. रोख टार्गेटवरून सरकलेला दिसला तर हाताने ओढून आणायचा नाही, पाय सरकवायचा. एवढं शिकवणारा माणूस तालुक्यात मिळत असेल तर पुण्याला जायची घाई नको. होल्ड (रोख धरून थांबणं) सहा-आठ सेकंदांच्या पुढे गेला की रायफल खाली घ्यायला लावणारा आणि शॉटनंतरही दोन सेकंद डोळा साइटवर ठेवायला लावणारा असेल तर उत्तमच.

काही वर्ग सुरुवातीला स्प्रिंगची, नळी मोडून भरायची रायफल देतात. महिना-दोन महिने चालेल. पण घरी छर्रा न भरता तिचा ट्रिगर दाबू नका. पिस्टन अडथळ्याविना पुढे आपटतो आणि आतलं सील जातं. ड्राय प्रॅक्टिस (छर्रा न भरता सराव) तशी सोय असलेल्या मॅच रायफलवरच, म्हणजे स्पर्धेच्या रायफलवरच. घरची रायफल नसेल तर वर्गातच आधी दहा मिनिटं कोऱ्या भिंतीसमोर करावी, मग कागद उलटा लावून त्याच्या पांढऱ्या बाजूवर पाच शॉट. काळा गोलच नसला की गुणांकडे लक्ष जात नाही आणि ग्रुप खरा कळतो.

सुरक्षेचं दोन मिनिटांत कळतं. रायफल खाली ठेवलेली असताना नळीतून रंगीत सेफ्टी दोरी गेलेली हवी, ब्रीच (छर्रा भरायची जागा) उघडा हवा, आणि कोणी टार्गेटकडे गेलं असताना एकही हात रायफलला लागता कामा नये. छर्रे शिशाचे असतात. सत्र संपल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय जेवणाचा डबा उघडू देत नसतील तर तो वर्ग जबाबदार आहे असं समजा.

रानडुकरं आणि रोह्यांनी (नीलगायींनी) हैराण झालेले कास्तकारही या वर्गाची चौकशी करतात. त्यांची अडचण खरी आहे, पण ही वाट त्यांची नाही. पीकसंरक्षणासाठी परवाना मागायचा तर शस्त्र नियम, २०१६ प्रमाणे सुरक्षित हाताळणीचं वेगळं प्रशिक्षण आणि त्याचं प्रमाणपत्र लागतं, आणि जनावरावर गोळी चालवायला वनखात्याची परवानगी वेगळी. ४.५ मिलिमीटर नळीची, २० जूल ऊर्जेच्या आतली एअर रायफल विनापरवाना घेता येते. ती कागदावर मारण्यासाठी आहे. धुऱ्यावरच्या पाखरावर किंवा मोरावर नाही, तो गुन्हा आहे. नेताना बिलाची प्रत आणि बंद केस सोबत ठेवा.

प्रवासाचा हिशेबही धरा. वणी किंवा पांढरकवड्याहून नागपूर म्हणजे एका बाजूचे तीन-चार तास. शनिवार-रविवारचा वर्ग लावला तरी कापूस वेचणीच्या दिवसांत तो पहिला बुडतो. तालुक्याचा वर्ग सायकलवर गाठता येतो.

म्हणून मला तरी हा क्रम बरा वाटतो: सप्टेंबर-ऑक्टोबरात तालुक्याच्या वर्गात नाव घालावं, मार्चपर्यंतचे महिने एकाच रायफलवर काढावे, आणि मग मे महिन्यात शहराचं शिबिर करावं. तोवर वहीतले तीन आकडे पाठ झालेले असतात. फी भरण्याआधी तिथे एवढंच विचारा, की पंधराही दिवस एकाच नंबरची रायफल मिळेल का. हो म्हणाले तर जरूर जा. ‘बघू’ म्हणाले तर ते पैसे जाकिटात घाला. उसन्या जाकिटाची बटणं आपल्या मापाला कधीच बसत नाहीत.