मनगटावरचं पर्पेच्युअल कॅलेंडर: मुंबईत कुठलं घ्यावं?

पर्पेच्युअल कॅलेंडरचं, म्हणजे महिन्याचे दिवस आणि लीप वर्ष स्वतः ओळखून तारीख बदलणारं, घड्याळ चालू असतं तोवर प्रत्येकच कंपनी चांगली वाटते. ते थांबलं, आणि तुम्हाला ते पुन्हा आजच्या तारखेवर आणायचं आहे, की मग कळतं आत डोकं कुणी किती लावलंय. माझी निवड याच एका गोष्टीवर ठरते. आणि मुंबईत राहणाऱ्या माणसाची याच गोष्टीवर ठरावी असं माझं ठाम मत आहे, कारण आपल्याकडे ही घड्याळं थांबतातच.

जूनपासून पाऊस धरला की चार महिने मी कुठलंही कॉम्प्लिकेशनचं, म्हणजे वेळेशिवाय आणखी काही दाखवणारं, घड्याळ बाहेर काढत नाही. यातल्या बहुतेकांचं वॉटर रेझिस्टन्स ३ बार, म्हणजे हात धुताना उडालेले शिंतोडे सोसतील एवढंच. वर पार्ल्याची दमट हवा, घामानं कुजणारे चामडी पट्टे. कॅमेऱ्याच्या लेन्ससाठी मिळतं तसलं ड्राय कॅबिनेट आहे, त्यात सगळी झोपतात. बाहेर येतात ती खंडेनवमीला. मरोळच्या एमआयडीसीत भावाबरोबर गिअर कापायचं युनिट चालवत होते तेव्हा त्या दिवशी हॉबिंग मशीनला हळदकुंकू लागायचं. युनिट विकलं, आता घड्याळांना लागतं. आणि त्याच दिवशी प्रत्येकाला चार महिन्यांची झोप भरून काढायला लावायची असते.

ज्यांनी हे यंत्र आतून बघितलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. नेहमीच्या तारखेच्या घड्याळाला प्रत्येक महिना ३१ दिवसांचाच वाटतो, म्हणून वर्षातून पाच वेळा हातानं तारीख सुधारावी लागते. पर्पेच्युअलमध्ये, जुन्या रचनेत, एक कॅम, म्हणजे कडेला खाचा असलेली चकती, असतो. चार वर्षांत तो एक फेरा पूर्ण करतो आणि त्याच्या कडेवर ४८ महिने कोरलेले असतात. ३१ दिवसांच्या महिन्याला कड पूर्ण उंचीची, ३० च्या महिन्याला उथळ खाच, फेब्रुवारीला खोल खाच, आणि लीप वर्षाच्या फेब्रुवारीला त्याहून किंचित कमी खोल. एक लांब लिव्हर ती खोली चाचपतो आणि महिनाअखेरीच्या रात्री तारीख किती घरं ढकलायची ते त्यावरून ठरतं. २८ आणि २९ मधला फरक म्हणजे फक्त त्या दोन खाचांच्या खोलीतला फरक! आयुष्यभर मायक्रॉनशी झगडलेल्या माणसाला हे बघून हात जोडावेसे वाटतात. आमच्याकडे एवढ्या मापाचा जॉब आला असता तर मी दोनदा विचार केला असता.

आता अडचण अशी की हा लिव्हर काम करत असतो ते तास नाजूक असतात. साधारण रात्री नऊ ते पहाटे तीनच्या मध्ये कुणी तारीख सुधारायला गेलं तर आत दात आणि लिव्हर एकमेकांत अडकलेले असतात, काहीतरी वाकतं किंवा तुटतं. थांबलेल्या घड्याळाचे काटे नेमके त्या वेळेवर असतील तर आधी काटे पुढे न्यायचे, मगच बाकीचं. हे दुकानात सांगतातच असं नाही. विचारा.

पटेक फिलिपपासून सुरुवात करते, कारण प्रत्येकाच्या मनात तेच असतं. माहीमचे एक डॉक्टर स्नेही आहेत, त्यांच्याकडे ३९४० आहे. १९८५ मध्ये आलेलं मॉडेल, ३६ मिलिमीटर, आत २४० क्यू कॅलिबर, हाताच्या हालचालीनं चावी देणारा छोटा सोन्याचा मायक्रो-रोटर, आणि अख्ख्या कॅलेंडरसकट मूव्हमेंटची, म्हणजे आतल्या यंत्राची, जाडी ३.८८ मिलिमीटर. माझं मनगट बारीक आहे. मोठ्या घड्याळाच्या शिंगा, पट्टा अडकतो त्या, दोन्हीकडून बाहेर येतात, त्यामुळे हे हातावर बसलं तेव्हा काढावंसंच वाटेना. डायलवर तीन छोट्या चकत्या, पण गर्दी कुठेही नाही. आकार आणि प्रमाण यांत आजवर मी हाताळलेल्या कुठल्याही कॅलेंडर घड्याळाला याची सर नाही.

पण थांबल्यावर? केसच्या कडेला बुडवलेली बटणं, ती टोकदार काडीनं दाबायची. तारीख, वार, महिना, चंद्र, प्रत्येकाचं वेगळं, आणि क्रम पाळायचा. डॉक्टर दर वेळी भिंग आणि माहितीपत्रक घेऊन टेबलाशी बसायचे, आणि घरात कुणी हाक मारलेली त्यांना चालायची नाही. "ताई, ऑपरेशनला एवढं टेन्शन येत नाही," असं ते मला म्हणाले. म्हणून आता त्यांच्याकडे ते वाइंडरवर, म्हणजे घड्याळ फिरवत ठेवणाऱ्या पेटीत, सतत फिरत असतं, थांबू देतच नाहीत. मला हे पटत नाही. बारा महिने विनाकारण चालणाऱ्या यंत्राची झीजही बारा महिने होते.

लांगे या जर्मन कंपनीच्या डेटोग्राफ पर्पेच्युअलबद्दल मी फार लिहिणार नाही, एवढंच की पाठीमागची काच उलटी धरून मी ते जेवढा वेळ बघितलं तेवढा वेळ पुढची बाजू बघितली नाही. आतली चाकं धरून ठेवणारे जर्मन सिल्व्हरचे ब्रिज, बॅलन्स चाकावरचा हातानं कोरलेला बॅलन्स कॉक, ५५६ भाग, आणि प्रत्येक कडेचं पॉलिश असं की बर, म्हणजे कापल्यावर उरणारी धातूची खरखर, शोधून सापडत नाही. फिनिशिंगमध्ये पहिला नंबर निःसंशय त्याचा. मात्र चावी ३६ तासांची. शुक्रवारी रात्री काढून ठेवलं की रविवारी जेवणाच्या वेळी थांबलेलं. जाडी १३.५ मिलिमीटर, शर्टाच्या बाहीत जात नाही, साडीवर तर विचारूच नका.

आयडब्ल्यूसीचं पोर्तुगीझर पर्पेच्युअल, ४४ मिलिमीटरचं, मी स्वतः वापरलं. यातली रचना कुर्ट क्लाउस यांची. १९८५ च्या दा विंचीमध्ये ती पहिल्यांदा आली, आणि मी ज्या धंद्यातून आले त्या धंद्यातल्या कुणालाही या माणसाबद्दल आदरच वाटेल. त्यांनी कॅलेंडरचे भाग ८० च्या आसपास आणून ठेवले, आणि मूळ मशीनकडून घेतला तो फक्त रोज रात्रीचा एक धक्का. त्या एका धक्क्यानं तारीख हलते, तारखेनं महिना, महिन्यानं वर्ष. सगळी साखळी एकमेकांना बांधलेली, म्हणून कडेला एकही बटण नाही. क्राउन, म्हणजे चावी देायची कडेची फिरकी, ओढायचा, फिरवायचा, आणि वार, तारीख, महिना, चंद्र सगळे मिळून पुढे सरकतात. वर्ष चारही आकड्यांत दिसतं. जुन्या दा विंचीबरोबर तर पुढच्या शतकांच्या आकड्यांची सुटी पट्टी काचेच्या नळीत घालून देत. घेणाऱ्याच्या नातवंडांच्या नातवंडांचा विचार करून वस्तू बनवणं याला म्हणतात.

चावी सात दिवस टिकते, म्हणून एरवी ते सहसा थांबत नाही. खंडेनवमीचं काम मात्र एकमार्गी. चार महिने म्हणजे सव्वाशेच्या आसपास दिवस पुढे न्यायचे, आणि एक दिवस जास्त गेला तर मागे येता येत नाही. घड्याळ थांबवून ठेवायचं आणि जग त्याच्यापर्यंत येण्याची वाट बघायची. ४२ मिलिमीटरचंही निघालं आहे, पण त्यात चावी ६० तासांवर येते. शेवटी आकारामुळे ते मी भाच्याला दिलं. त्याच्या हातावर ते शोभतं.

चंद्राबद्दल थांबून सांगायलाच हवं, कारण मी कॅलेंडर घड्याळांकडे वळले ती चंद्रामुळे. अमावास्या ते अमावास्या सरासरी २९ दिवस १२ तास ४४ मिनिटं. स्वस्त चंद्रकलेत ५९ दातांची चकती आणि तिच्यावर दोन चंद्र, म्हणजे हिशेब साडेएकोणतीस दिवसांचा. दर महिन्याला ४४ मिनिटं बुडतात आणि अडीच-पावणेतीन वर्षांत चंद्र एक दिवस चुकतो. आपला अधिक मासही साधारण तेवढ्याच अंतरानं येतो, कारण मात्र वेगळं आहे. दातांची संख्या वाढवून १३५ केली की चूक १२२ वर्षांत एका दिवसावर येते. पटेकमध्ये तेवढी अचूकता आहे. आयडब्ल्यूसीचा दावा ५७७.५ वर्षांचा, शिवाय उत्तर आणि दक्षिण गोलार्धाचे दोन चंद्र. माझ्या घरी भिंतीवर कालनिर्णय असतं आणि संकष्टीला मी गच्चीवर चंद्र बघायला जाते. डायलवरचा चंद्र आणि आकाशातला चंद्र एकमेकांना जुळलेले दिसले की जो आनंद होतो तो किमतीत मोजता येत नाही.

जेगर-लकूल्त्रचं मास्टर अल्ट्रा थिन पर्पेच्युअल माझ्याकडे आहे. ३९ मिलिमीटर, ९.२ जाडी, चंद्र आहे, वर्षही चार आकडी. एकच बटण, त्यानं सगळं एकत्र एक दिवस पुढे. नाजूक तासांत डायलवर छोटी लाल खूण दिसते, की आता हात लावू नका. ही खूण प्रत्येक कंपनीनं द्यायला हवी! मागे येणं यालाही जमत नाही. पण बारीक मनगटाला आणि रोजच्या वापराला, पटेकच्या निम्म्याहून कमी पैशांत, मी हेच सुचवेन.

आणि मोझर. एच. मोझरचं पर्पेच्युअल ४०.८ मिलिमीटरचं आहे, समोरून बघितलं तर पर्पेच्युअल वाटतच नाही. एक मोठी तारीख, आणि मध्यभागी एक छोटासा बाण. तो बाण तासाच्या खुणांकडे बोट दाखवून महिना सांगतो: एकवर जानेवारी, बारावर डिसेंबर. बारा तास आणि बारा महिने, वेगळी चकती लागलीच नाही. मूळ रचना आंद्रेआस श्ट्रेलर यांची. २८ फेब्रुवारीच्या मध्यरात्री तारीख सरळ १ मार्चवर उडी मारते, मधले आकडे रांगत पार करत नाही. आणि तारीख क्राउननं पुढेही जाते, मागेही येते, कुठल्याही वेळी. नाजूक तास नाहीत, काडी नाही, भिंग नाही. खंडेनवमीला चहा ठेवून गॅसपाशी उभ्या उभ्या मी ते लावते. सर्व्हिसच्या वेळी एस्केपमेंटचा, म्हणजे टिकटिक करून वेळ मोजणाऱ्या भागांचा, संच अख्खा काढून दुसरा बसवता येतो, हेही आमच्या शॉपफ्लोअरच्या अकलेला पटणारं. उणिवा दोन. लीप वर्षाची खूण पाठीमागे आहे, आणि चंद्र नाही. दुसरीचं मला दर संकष्टीला वाईट वाटतं. तरी पाचांतलं एकच ठेवायचं असेल तर मी मोझर ठेवेन.

टूरबिलॉनबद्दल, म्हणजे गुरुत्वाकर्षणाचा परिणाम घटवायला एस्केपमेंट गोल फिरवत ठेवणाऱ्या पिंजऱ्याबद्दल, विचाराल. घड्याळजी ब्रेगे यांनी त्याचं पेटंट २६ जून १८०१ ला घेतलं ते खिशात उभ्या राहणाऱ्या घड्याळासाठी. मनगट दिवसभर हलत असतं, तिथे त्याची गरज उरत नाही. मिनिट रिपीटर, म्हणजे वेळ ठोक्यांत सांगणारं घड्याळ, मी बीकेसीत एका शोरूममध्ये ऐकला, १२:५९ लावून: बारा तासांचे, तीन पाव तासांचे आणि चौदा मिनिटांचे ठोके. अंगावर काटा आला. पण तो बंद खोलीत ऐकायचा. आपल्या रस्त्यावर राजाबाई टॉवरचे ठोकेसुद्धा हॉर्नमधून शोधावे लागतात.

घेताना पैशांचं: १० लाखांवरच्या घड्याळावर १ टक्का टीसीएस, म्हणजे विक्रेत्यानं विक्रीच्या वेळीच घ्यायचा आयकर, कापला जातो, तो रिटर्नमध्ये दाखवायला विसरू नका. स्वित्झर्लंड ज्यात आहे त्या एफ्टा गटाच्या देशांशी भारताचा झालेला व्यापार करार १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाला असून स्विस घड्याळांवरची ड्युटी टप्प्याटप्प्यानं उतरणार आहे. लांगे जर्मन, त्याला या कराराचा फायदा नाही. सर्व्हिस भारतात होणार की परदेशी जाणार, आणि किती महिने, हे बिलाआधी लेखी घ्या. माझं एक घड्याळ पावसाळ्यापूर्वी दिलेलं दिवाळी उलटून गेल्यावर आलं.

आणि वापरलेलं ३९४० कुठे दिसलं, तर डायलच्या आधी केसची कड भिंगाखाली बघा. बटणांच्या खळग्यांभोवती ओरखडे असतील तर आधीच्या मालकानं पिननं, टाचणीनं, हाताला मिळेल त्यानं ते दाबलंय. आतल्या लिव्हरची तपासणी झाल्याचा कागद मिळेपर्यंत अशा नगाला अॅडव्हान्स देऊ नका.