कोलेस्टेरॉलची गोळी आत्ताच, की तीन महिने थांबून?

जळगावातील पंचेचाळिशीच्या एका गृहस्थाचे उदाहरण घेऊ. त्यांची उंची १६८ सेंटिमीटर, वजन ६८ किलो, बीपी-शुगर ठीक आणि एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, १४२. दिसायला ते सडपातळ आहेत, पण बेंबीच्या रेषेत टेप धरला की कंबर ९६ सेंटिमीटर भरते. आपल्याकडे पुरुषांसाठी ही मर्यादा ९०, तर स्त्रियांसाठी ८० धरतात. त्यांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २४ येतो. युरोपीय कोष्टकात तो योग्य ठरतो, मात्र आशियाई लोकांच्या बाबतीत २३ पासूनच सावध व्हावे लागते. २००४ च्या इंटरहार्ट या हृदयविकारावरील अभ्यासात दक्षिण आशियाई लोकांना हृदयविकाराचा पहिला झटका इतरांपेक्षा सुमारे पाच-सहा वर्षे आधी, म्हणजे त्रेपन्नच्या आसपास, आलेला दिसला. पुढच्या दहा वर्षांतला झटक्याचा धोका मोजणाऱ्या तक्त्यांत वयाला मोठे वजन असल्याने पंचेचाळिशीत आकडा कमीच निघतो आणि माणूस निर्धास्त होतो.

थांबण्याच्या बाजूने बोलायचे तर कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी किंवा वांग्याचे भरीत यांत दोष नाही. दोष आहे तो भरितावर ओतलेल्या तेलात, शेवभाजीच्या तर्रीत आणि त्यातल्या तळलेल्या, खारट शेवेत. हे आवरून, उन्हाळ्यात पहाटे साडेपाचलाच मेहरूण तलावाची फेरी धरली, तर कंबर, बीपी आणि शुगर या तिन्हींना गुण येतो, आणि तो कोलेस्टेरॉलची गोळी देत नाही. एलडीएल मात्र एवढ्याने साधारण १० ते १५ टक्केच उतरते, म्हणजे १४२ चे १२५ च्या आसपास.

मध्यम मात्रेतील स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉलची नेहमीची गोळी, तेच एलडीएल ३० ते ४९ टक्क्यांनी, म्हणजे १०० च्या खाली आणते. काहींचे स्नायू दुखतात आणि शुगर काठावर असलेल्यांत मधुमेहाची शक्यता किंचित वाढते. तरीही धोका जास्त असलेल्यांच्या बाबतीत फायद्याचे पारडे स्पष्टपणे जड राहते. ‘एकदा सुरू केली की जन्माची गोळी’ ही तक्रार खरी आहे, पण बीपीच्या गोळीबद्दल आपण एवढी कुरकुर करत नाही.

माझे मत असे की वडिलांना किंवा भावाला पंचावन्नच्या आत झटका आला असेल, मधुमेह असेल किंवा तंबाखू सुटत नसेल, तर डॉक्टरांशी बोलून गोळी आत्ताच सुरू करावी आणि चालणेही त्याच आठवड्यात सुरू करावे. यांपैकी काहीच नसेल, तर तीन महिने थांबायला हरकत नाही. मन ठरत नसेल, तर आयुष्यात एकदा करायची लिपोप्रोटीन-ए ही रक्ततपासणी उपयोगी पडते, कारण रक्तातले हे कोलेस्टेरॉल वाहणारे कण किती, ते मुख्यतः आनुवंशिक असते आणि पथ्याने फारसे हलत नाही. ते वाढलेले निघाले, तर थांबण्याचा पक्ष दुबळा होतो. हृदयाच्या सीटी स्कॅनमधला कॅल्शियम स्कोअर शून्य आला म्हणजे दिलासा मिळतो, पण तरुण वयात रक्तवाहिन्यांतले चरबीचे मऊ थर त्यात दिसत नाहीत, त्यामुळे तेवढ्यावर विसंबू नये.

थांबायचे ठरलेच, तर पुढच्या तपासणीची तारीख आजच कॅलेंडरवर लिहावी. ‘दिवाळीनंतर बघू’ ही तारीख नव्हे.