वेल्क होमस्टेड, नॉर्थ डकोटा: पांढऱ्या फळ्यांच्या आत मातीचं घर

अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटा राज्यात स्ट्रासबर्ग गावाबाहेरचं वेल्क होमस्टेड, म्हणजे रशियातून आलेल्या वेल्क ह्या जर्मन कुटुंबाचं शेतावरचं जुनं घर, बघून आलो. पहिलंच सांगतो, बाहेरून फोटो काढून परत फिरू नका. बाहेरून पांढऱ्या फळ्या मारलेलं साधं लाकडी घर वाटतं, पण फळ्यांच्या आत भिंती कच्च्या विटांच्या आहेत, त्यांना हे लोक बात्सा म्हणायचे, म्हणजे चिकणमाती, पेंढा, शेण, पाणी सगळं एकत्र तुडवायचं, लाकडी साच्यात भरायचं आणि उन्हात वाळवायचं. भट्टी नाहीच, त्या उघड्या माळावर जाळायला लाकूड आणणार कुठून? चुलीतसुद्धा वाळवलेलं शेण, म्हणजे आपल्या गोवऱ्याच की, त्याला त्यांचा शब्द मिस्ट.

आत गेलात की खिडकीपाशी थांबा आणि भिंतीची जाडी बघा, डकोटाच्या हिवाळ्यात ही माणसं कशी तगली ते तिथंच कळतं.

वेल्क आणि त्यांच्यासारखे इथले लोक मूळचे जर्मन, पण आले रशियातून. ओडेसाच्या बाजूला (तेव्हा रशियात, आता युक्रेनमध्ये) पिढ्यान्‌पिढ्या शेती केली, मग झारनं दिलेल्या सवलती 1871 ला गेल्या, 1874 ला सक्तीची सैन्यभरती आली आणि लोक अमेरिकेला निघाले. तिकडे स्टेपवर, म्हणजे गवताळ माळावर, झाडं नव्हती, इकडे प्रेअरीवर, म्हणजे अमेरिकेतल्या तशाच माळावरही नाहीत, त्यामुळे मातीत घर बांधायची विद्या जशीच्या तशी कामाला आली. मला तर ह्याचंच सगळ्यात जास्त अप्रूप वाटलं!

बरेच जण इथे येतात ते लॉरेन्स वेल्कसाठी, ह्याच घरातला मुलगा, पुढे अमेरिकन टीव्हीवर गाजलेला अकॉर्डियनवाला बँडलीडर, 1903 चा जन्म. वडिलांनी 400 डॉलरचं अकॉर्डियन घेऊन दिलं, बदल्यात पोरानं 21 वर्षांचा होईपर्यंत शेतावर राबायचं, असा करार. छान गोष्ट आहे, पण तेवढीच ऐकून निघू नका. स्वयंपाकाची वेगळी खोली आहे ती बघाच, समर किचन, उन्हाळ्यात चुलीची धग राहत्या घरात नको म्हणून बाजूला बांधलेली, किती साधा विचार आहे, पण घरातल्या बायकांचे केवढे हाल वाचले असतील. गोठा, लोहारकामाची खोपटी हेही आहे, ते मी भराभर बघितलं.

2015 पासून ही जागा राज्याच्या हिस्टॉरिकल सोसायटीकडे आहे. उन्हाळ्यातच उघडी असते, तेव्हा वार आणि वेळ आधी बघून घ्या. टोपी न्या, वारं जबरदस्त असतं. आणि दोन तास तरी हातात ठेवा, एक तास तर मला नुसत्या भिंतींपाशीच लागला.