अपील हरलो, आता परत पर्वरीला की थेट दिल्ली?

म्हापशाच्या एका ओळखीच्या दादांनी विचारलं म्हणून लिहितोय. वकील नाही मी, पण मावसभावाच्या केसमध्ये दोन्ही दारं, पर्वरीचं गोव्याचं हायकोर्ट आणि दिल्लीचं सुप्रीम कोर्ट, ठोठावून झालीयत. हायकोर्टाने अपील फेटाळलं, ३ वर्षांची शिक्षा कायम झाली, आणि निकाल वाचताना दिसलं की एका साक्षीदाराच्या उलटतपासणीचा त्यात उल्लेखच नाही. घरात सगळ्यांचं एकच, त्याच साहेबांना दाखवूया ना, डिचोलीहून पर्वरी कितीशी लांब.

वाटायला सोपं वाटतं. पण फौजदारीत सही झालेला निकाल हायकोर्टाला परत उघडता येत नाही, पूर्वी सीआरपीसीचं (जुनी फौजदारी प्रक्रिया संहिता) कलम ३६२ होतं, आता तिच्या जागी आलेल्या बीएनएसएसचं ४०३, मजकूर जवळपास तोच. टायपिंगची किंवा आकड्यांची चूक असेल, नाव-तारीख चुकली असेल तर खुशाल पर्वरीला जा, त्यासाठी दिल्ली कशाला. नोटीसच मिळाली नाही, आपली बाजू ऐकलीच नाही, असं असेल तर रिकॉलला, म्हणजे निकाल मागे घ्या या मागणीला, थोडी जागा आहे म्हणतात. पुरावा नीट वाचला नाही ही तक्रार मात्र, कितीही खरी असली तरी, त्यात बसत नाही.

आमच्या तेव्हाच्या वकिलांनी रिव्ह्यू (निकालाचा फेरविचार) न म्हणता रिकॉल म्हटलं, नाव बदललं की खपेल असं त्यांना वाटलं असावं. मग तारीख, पुढची तारीख, सरकारी वकिलांना वेळ हवाय, आणि इकडे सुप्रीम कोर्टात जायच्या मुदतीचे ९० दिवस आपले चालूच, ते काही तुमच्या अर्जासाठी थांबत नाहीत. शेवटी अर्ज मेंटेनेबल नाही, म्हणजे चालूच शकत नाही, म्हणून गेला आणि एसएलपीला (सुप्रीम कोर्टात अपिलाची खास परवानगी मागणारा अर्ज) उशीर झाला, म्हणजे आधी उशीर माफ करा म्हणून अर्ज, उशीर का झाला त्याची कारणं, केसबद्दल नंतर. कोलवाळच्या तुरुंगात भेटीला गेलो की भाऊ विचारायचा कुठवर आलं, आणि माझ्याकडे सांगायला काही नसायचं, तेच मला सगळ्यात लागलं.

दिल्लीही काही गोड नाही. एसएलपी हक्काचं अपील नव्हे, २ मिनिटांत फेटाळलं जाऊ शकतं, आणि माणूस बाहेर असेल तर आधी सरेंडर किंवा त्यातून सूट मागायची. खर्चाचं म्हणाल तर आत असलेल्याला विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट वकील मिळतो, आम्हाला हे फार उशिरा कळलं. पण तिथे निकाल वाचणारे डोळे नवे असतात आणि तुमचा वकील उभं राहून बोलू तरी शकतो.

तिथेही हरल्यावर रिव्ह्यू आहे म्हणून निवांत राहू नका हं. राज्यघटनेच्या कलम १३७ खाली सुप्रीम कोर्टाला तो अधिकार आहे, मुदत ३० दिवस, पण कागद न्यायाधीशांच्या चेंबरमध्येच फिरतात, वकिलाला सहसा बोलायलाच मिळत नाही, फाशीच्या केसमध्ये तेवढी २०१४ पासून उघड्या कोर्टात सुनावणी होते. क्युरेटिव्ह, म्हणजे रिव्ह्यूही हरल्यावरचा शेवटचा अर्ज, तर त्याहून अरुंद. म्हणून जे काय म्हणायचंय ते एसएलपीतच घाला.

तुमची केस वेगळी असेल, तुमच्या वकिलांना विचाराच. मी मात्र परत वेळ आलीच तर पर्वरीत अर्ज करत बसणार नाही. आमचा उशीर माफ झाला, नोटीस निघालीय, पुढचं बघू. आणि सर्टिफाइड कॉपीचा अर्ज निकालाच्या दिवशीच टाका, ती मिळायला लागलेले दिवस त्या ९० मधून वजा होतात.