पहाणीचं मराठी करून घेताना: मिरजेतल्या भाषांतरवाल्याचा अनुभव

मी जत तालुक्यातला. घरात कन्नड, बाजारात मराठी, आणि 31 वर्षं जिल्हा परिषदेच्या कन्नड शाळेत मास्तरकी. तरी कर्नाटकातल्या अथणीकडची, आईकडून आलेल्या जमिनीची पहाणी (तिकडचा कन्नडातला जमिनीचा उतारा, आपल्या सातबाऱ्यासारखा) मराठीत करून घ्यायला मिरजेला जाऊन पैसे मोजावे लागले. गावात थोडी शेती घेतोय. शेतकरी असल्याचा पुरावा म्हणून पहाणी जोडली, तर कचेरीत म्हणाले, "गुरुजी, हे वाचायचं कुणी? मराठी करून, नोटरी करून आणा." मीच वाचून दाखवतो म्हटलं. चालत नाही.

कोर्टाजवळ एका झेरॉक्सच्या दुकानात, आतल्या टेबलावर हा माणूस बसतो. पानाला 200 रुपये, नोटरीचे वेगळे. दोन दिवस सांगितले, चार लागले.

पण काम जाणकाराचं. पहाणीत एकर-गुंठे असतात, आपल्या सातबाऱ्यावर हेक्टर-आर. त्यानं 2 एकर 20 गुंठे तसंच ठेवलं आणि शेजारी कंसात 1 हेक्टर 1 आर लिहिलं. पहाणीला सरळ 'सातबारा' म्हणून मोकळा झाला नाही, 'पहाणी'च ठेवून खाली तळटीप दिली. हे बघून मी चहा मागवला.

टेबलाशी बसल्या बसल्या आमची जुनी गोष्ट निघाली. 1956 साली अथणी म्हैसूर राज्यात गेली, जत मुंबई राज्यात राहिलं. त्याच वर्षी सातव्या घटनादुरुस्तीनं कलम 350क आलं: अल्पसंख्य भाषेच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळण्याची सोय राज्यानं करावी. माझी नोकरी त्यातलीच म्हणायची. कलम 350 प्रमाणे तक्रारीचं निवेदनही राज्यात चालणाऱ्या कुठल्याही भाषेत देता येतं. निवेदनच हो, माझ्या पहाणीला त्याचा काय उपयोग!

वर्गात मी स्वित्झर्लंडचं उदाहरण द्यायचो. जर्मन, फ्रेंच, इटालियन, रोमान्श अशा चार राष्ट्रभाषा, पोरं आ वासून ऐकायची. एक गोष्ट मात्र सांगायची राहून जायची. तिथंही प्रत्येक कँटन (तिथलं घटक राज्य) आपली राजभाषा आपण ठरवतो. बर्नमध्ये दोन, ग्राउब्युंडनमध्ये तीन, पण बहुतेक ठिकाणी एकच. म्हणजे तिथंही एका कँटनचा कागद दुसरीकडे नेणाऱ्याला असा एखादा टेबलवाला लागतच असणार.

आता तक्रार. कन्नडात वडिलांचं नाव 'मल्लप्प', यानं 'मल्लप्पा' केलं, आधारवर 'मल्लाप्पा'. एका कान्यासाठी कागद परत आला. त्यानं 'मल्लप्पा ऊर्फ मल्लाप्पा' असं दुरुस्त करून दिलं, पण नोटरीचे पैसे पुन्हा घेतले. मला हे पटलं नाही, तोंडावर सांगितलंही. तेव्हा जाताना आधार बरोबर न्या आणि टायपिंगच्या आधी नावं दाखवा.

पाचपैकी चार तारे. फेरफाराची दोन पानं राहिलीत, सोमवारी परत त्याच्याकडेच जाणार आहे.