अडीच फुटी बोळात मुरूम आणि फत्तर: पहार, ब्रेकर की टिकाव?

सोलापुरात घरामागे हौद, शोषखड्डा किंवा ड्रेनेजची चारी खणायला घेतली की काळी माती संपताच मुरूम लागतो. मुरमात गोटे असतात आणि त्याखाली काळा फत्तर. जागा बहुतेक वेळा घर आणि कंपाउंड भिंत यांच्यामधली, अडीच-तीन फुटांची. इथे अवजाराची धार नंतर बघा, आधी ते चालवायला किती जागा लागते ते बघा. टिकाव खांद्यावरून फिरवावा लागतो. तीन फुटी दांडा या बोळात भिंतीला लागतो, नाहीतर घाव अर्धवट बसतो. पहार आणि ब्रेकर (विजेवर दगड फोडायचे मशीन) उभे चालतात.

पहिला क्रमांक पहारीचाच. २५ मिमी जाडीची पाच फुटी पहार सुमारे सहा किलो भरते, ३२ मिमीची साडेनऊ. घरच्या कामाला पहिली घ्यावी. जड पहारीने तासाभरात हात भरून येतात आणि घाव हुकायला लागतात. एक टोक चपटे, दुसरे अणकुचीदार हवे. दुकानातच टोकावर कानस फिरवून पाहा: घसरली तर पाणी नीट दिलेले आहे (तापवून, पाण्यात विझवून टोक कडक केले आहे), सहज खरवडली तर पोलाद मऊ. मऊ टोक फत्तरावर लगेच बोथट होते. मग लोहाराकडून टोक ठोकून धारदार करून, पाणी देऊन आणावे लागते.

पहारीचा खरा उपयोग गोट्यांना होतो. गोटा फोडत बसू नका. त्याच्याभोवतीचा मुरूम चपट्या टोकाने मोकळा करा, टोकापासून सहा इंचांवर दगडाचा टेकू द्या आणि दांडा दाबा. पाच फुटी पहारीने जोर नऊपट होतो, भलामोठा गोटाही हलतो. उन्हाळ्यात मुरूम फार कडक होतो. आदल्या संध्याकाळी पाणी सोडून ठेवले की सकाळी निम्मे कष्ट वाचतात.

सलग फत्तर लागला की इलेक्ट्रिक ब्रेकर. तो विकत घेऊ नका, भाड्याने आणा. पाच किलोचा ब्रेकर सिमेंटचा कोबा फोडायला ठीक, फत्तरावर नुसता नाचतो. दहा किलोच्या गटातला, १५०० वॉटच्या आसपासचा, एसडीएस-मॅक्स (जड मशीनच्या जाड छिन्नीची पकड) छिन्नीचा ब्रेकर अरुंद खड्ड्यात सर्वांत सोयीचा. सोळा किलोचा ताकदवान असतो, पण चारीत उभे राहून तो वारंवार उचलणे कठीण. अखंड फत्तराला टोकाची छिन्नी, थरांच्या दगडाला पट्टीची, घट्ट मुरमाला रुंद पात्याची. सुरुवात मोकळ्या कडेने करा आणि तीन-चार इंचांचे टवके काढत आत सरका. मधोमध एकाच जागी दाबत राहिलात तर छिन्नी रुतते. ती ब्रेकरनेच पिळून काढायला गेलात की पकड तुटते, भाड्याच्या मशीनची भरपाई द्यावी लागते. अडकलीच तर शेजारी पहार घालून दगड सैल करा. छिन्नीच्या मागच्या टोकाला ग्रीस लावा. जोडणी १६ अँपिअरच्या सॉकेटला, एक्स्टेन्शनची वायर २.५ चौरस मिमीची. बारीक वायर तापते आणि मशीनचा जोर जातो. चष्मा, मास्क आणि कानात इअरप्लग हवेतच.

जुन्या पेठांतल्या माळवदी घरांच्या दगड-मातीच्या भिंतींजवळ मात्र ब्रेकर अजिबात लावू नये. हादऱ्याने दगडांमधले सांधे सुटतात, माती झडते. तिथे पहार, घण आणि छिन्नी. पायाच्या तळापेक्षा खाली तर हातानेही भिंतीलगत खणू नये.

दगडात छिद्रे पाडून, पाण्यात कालवून भरायची दगड फोडणारी रासायनिक पावडर बिनआवाजाची आहे, पण हवेच्या तापमानानुसार तिच्या वेगवेगळ्या जाती येतात. सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये थंडीची जात भरली तर मिश्रण उसळून छिद्रातून बाहेर उडते. उन्हाळ्याचीच मागा, उन्हे उतरल्यावर भरा आणि भरल्यावर छिद्रावर वाकून पाहू नका.

पेट्रोलवरचा खड्डे पाडायचा ऑगर या कामाला घेऊ नका. गोट्याला अडकला की हँडल हाताला हिसका देते, आणि बोळात बाजूला सरकायलाही जागा नसते. टिकाव घ्यायचाच तर दांडा दीड फुटाचा बसवून, कडा तासण्यापुरता. फावड्याचा दांडाही दोन फुटांचा करा. चारीत वाकून घमेले भरायला तेवढाच लागतो.